कणकुंबीचा पाऊस पडताळायला बसण्याआधी

ग्रिडमधली (नकाशावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीला एक आकडा देणारी) पावसाची आकडेवारी बेळगाव जिल्ह्यासाठी कितपत खरी आहे हे तपासायचं असेल, तर आधी जिल्ह्याची सरासरी बाजूला ठेवा. अथणीकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यातच तेवढा कोसळतो. दोन्ही एकत्र मोजले की घाटात कमी दाखवलेला पाऊस सपाटीवर जास्त दाखवलेल्यात बुडतो आणि आकडेवारीचा कामचलाऊ संचही उत्तम ठरतो.

मग पर्जन्यमापकांचे गट पाडा. डोंगराळ भाग म्हटला की उंचीनुसार गट पाडायची सवय असते. आपल्याकडे ती उपयोगी पडत नाही. बेळगाव शहर साधारण 750 मीटरवर आहे आणि मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी 790 च्या आसपास. उंचीत फरक जेमतेम चाळीस मीटरचा, पण पाऊस कणकुंबीला कितीतरी जास्त. घाटाच्या कड्यापासून पूर्वेला किती आत आलात, यावर इथला पाऊस ठरतो. म्हणून घाटमाथा, जांबोटी-खानापूरचा मधला पट्टा, बेळगावचा परिसर आणि पुढचा अथणी-सौंदत्तीचा कोरडा भाग असे गट करा आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा मांडा.

गावांची नावं जुळवताना अक्षांश-रेखांश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे.

चौकटीचा आकार नकाशावर प्रत्यक्ष आखून पाहा. भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन संचातली चौकट 0.25 अंशांची, म्हणजे बाजू सत्तावीसेक किलोमीटर. कणकुंबी ते खानापूर हवाई अंतर तीसेक किलोमीटर, तेव्हा भिजलेला माथा आणि त्याचा पूर्वउतार एकाच आकड्यात येतात. आयमर्ग (IMERG) आणि चर्प्स (CHIRPS) हे उपग्रहांवर आधारलेले संच; पहिला 0.1 अंशाचा, दुसरा 0.05 अंशाचा. पण चौकट बारीक म्हणून आकडा खरा, असं धरून चालू नका. ढगमाथ्याच्या तापमानावरून अंदाज बांधणाऱ्या उपग्रह-पद्धतींना घाटातले बुटके, उबदार ढग नीट ओळखता येत नाहीत, आणि आपला बराचसा पाऊस तसल्याच ढगांतून येतो.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना द्या. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि पाऊस मोजणीच्या तारखेवर लिहिला जातो. 15 जुलैची नोंद म्हणजे 14 च्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस. आयमर्गचा दिवस जागतिक वेळेचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होणारा. त्याची 14 जुलैची बेरीज आपल्या 15 च्या नोंदीशी जवळपास जुळते, 14 च्या नाही. अर्ध्या तासाचे आकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ नव्याने बेरीज करा. हे केलं नाही तर चांगल्या संचावरही विनाकारण ठपका येतो.

मापकाकडेही संशयानं पाहा. शून्य म्हणजे कोरडा दिवस की नोंदच झाली नाही? आजूबाजूची ठिकाणं धो-धो भिजत असताना एकच मापक तीन दिवस कोरडा दिसला, तर नळीत पालापाचोळा अडकला असेल. कलत्या वाटीची (वाटी भरली की कलंडून मोजणारी) यंत्रं मुसळधार पावसात कमी मोजतात, वाऱ्यानं आणखी घट येते. शिवाय तुमचा मापक त्या संचात आधीच मिसळलेला नाही ना, हे विचारून घ्या. चर्प्समध्ये जमिनीवरच्या नोंदी असतात, आयमर्गच्या अंतिम आवृत्तीतही मासिक नोंदींची दुरुस्ती असते. आपल्याच नोंदीशी ताडून मिळालेली शाबासकी कामाची नाही.

पावसाच्या दिवसासाठी 2.5 मिलिमीटरची मर्यादा घ्या, पण 64.5 (जोरदार) आणि 204.5 मिलिमीटरच्या (अत्यंत जोरदार) वरचे दिवस वेगळे तपासा. धरणातून पाणी सोडायचा निर्णय याच दिवसांवर अडतो, नदीकाठच्या गावांचा जीवही. ऑगस्ट 2019 चा पूर तर स्वतंत्रच काढा.

शेवटी खानापूरजवळ मोजलेला मलप्रभेचा प्रवाह मिळवा आणि वरच्या पाणलोटावर पसरवून मिलिमीटरमध्ये आणा. संचातला हंगामी पाऊस या आकड्यापेक्षा कमी भरला, तर बाकीचे सहसंबंध कितीही देखणे असोत, घाटमाथ्यासाठी तो संच आहे तसा वापरू नका.