नॉर्मंडी आणि ‘सी लायन’वर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळच्या अभ्यासिकांतली मुलं संरक्षणशास्त्राची उत्तरं तपासायला आणतात, तेव्हा त्याच त्या गफलती पुन्हा दिसतात. दोन्ही विषय दुसऱ्या महायुद्धातले : ‘सी लायन’ म्हणजे 1940 मध्ये समुद्रमार्गे इंग्लंडवर उतरण्याचा जर्मनांचा बेत, आणि नॉर्मंडी म्हणजे 1944 मध्ये मित्र राष्ट्रांचं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणं.

पहिली म्हणजे विमानांची नुसती बेरीज-वजाबाकी. 1940 मध्ये मेसरश्मिट 109 या जर्मन लढाऊ विमानाला लंडनवर जेमतेम दहा मिनिटं लढण्यापुरतं इंधन उरायचं आणि शत्रू कुठून येतोय हे ब्रिटिशांना रडारमुळे आधीच कळायचं. हे न लिहिता दिलेले आकडे कामाचे नाहीत.

दुसरी, ‘आकाश जिंकलं की झालं’ असं गृहीत धरणं. ‘सी लायन’साठी जर्मनांनी नदीतल्या मालवाहू बोटी गोळा केल्या; त्यातल्या कित्येकांना इंजिनच नव्हतं. शिवाय नॉर्वेतल्या नार्विकला त्यांनी दहा विनाशिका (युद्धनौका) आधीच गमावल्या होत्या. मे 1941 मध्ये क्रीट या ग्रीक बेटावर आकाश जर्मनांचंच होतं, तरी सैनिक घेऊन निघालेला त्यांचा ताफा ब्रिटिश नौदलाने रात्री उधळून लावला. हे उदाहरण द्याच.

सगळ्यात मोठी चूक नॉर्मंडीबाबत होते : ‘किनाऱ्यावर बॉम्ब टाकले आणि सैन्य उतरलं.’ नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर ढग होते. आपल्याच बोटींवर पडू नयेत म्हणून बॉम्ब काही सेकंद उशिरा सोडले आणि ते मागे आतल्या भागात पडले. खरं काम त्याआधी कित्येक आठवडे चाललं होतं : रेल्वे यार्डं, इंजिनांच्या शेड, सीन नदीवरचे पूल. भुसावळच्या मुलांना तरी हे समजावून सांगायला लागू नये. खंडव्याकडची आणि नागपूरकडची लाइन इथे एकत्र येते. यार्डात गोंधळ झाला की गाड्या दोन्हीकडे खोळंबतात. जर्मन रणगाडे असेच वाटेत अडकवायचे होते. फक्त नॉर्मंडीच्या वाटा तोडल्या असत्या तर उतरण्याची जागा उघड झाली असती, म्हणून पा-द-काले या इंग्लंडला सर्वात जवळच्या फ्रेंच किनाऱ्याच्या बाजूला त्याहून जास्त बॉम्ब टाकले. यात हजारो फ्रेंच नागरिक मेले आणि चर्चिल यांना आधीपासून हीच धास्ती होती. ते वगळून ‘यशस्वी नियोजन’ लिहिलेलं मला वाचवत नाही.

तारीखही कारणासकट लिहा. 5 जून ठरला होता, खराब हवेमुळे 6 जून 1944 झाला. छत्रीधारी सैनिकांसाठी चांदणं आणि पाण्यातले अडथळे दिसावेत म्हणून पहाटेची ओहोटी, हे दोन्ही जुळणारे दिवस मोजकेच असतात.

नकाशात सीन नदी काढायला विसरू नका. ती नसेल तर पुलांचा मुद्दा परीक्षकाला दिसतच नाही.