पहिलं यंत्र तालाचं करा

इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकणारी मुलं विचारतात, कुठलं किट घेऊ? मी त्यांना विचारतो, तुला आणखी कशाचा नाद आहे? गोव्यात उत्तर बहुतेकदा भजन, तबला नाहीतर चवथीचा देखावा असंच येतं. मग सुरुवात तिथूनच करावी. किटमधला दिवा एकदा लुकलुकला की ते कपाटात जातं. रियाजाला लागणारी वस्तू रोज समोर असते, तिच्या खोडी रोज दिसतात आणि त्या काढताना हात तयार होतो.

माझी आवडती पहिली वस्तू म्हणजे झपतालाचे दिवे. लयीवरच्या हुकमतीसाठी गाजलेल्या खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात लयीचं वेड कुणाला समजावून सांगावं लागत नाही! यात आयसी, म्हणजे तयार सर्किटाच्या चिप, दोनच. ५५५ हा टायमर हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखला, आणि तो आजही सहज मिळतो. तो ठेका धरतो. दुसरा ४०१७ हा मोजणी करणारा आयसी प्रत्येक ठोक्याला एक दिवा पुढे सरकवतो. त्याला आउटपुट नेमके १०, आणि झपतालाच्या मात्राही १०. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, लाल एलईडी लावा, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेच्या टाळीला हिरवा, सहाव्या मात्रेच्या ‘खाली’ला (जिथे टाळी देत नाहीत) पांढरा, बाकीच्यांना पिवळा.

५५५ ला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि त्यातल्या दुसऱ्याला सीरिजमध्ये जोडून १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, लावला, की मिनिटाला साधारण ४० ते २८० मात्रांपर्यंत लय फिरवता येते. मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो. एका वेळी एकच एलईडी पेटतो, म्हणून सगळ्यांना मिळून ४७० ओहमचा एकच रेझिस्टर चालतो. ४०१७ ची १३ आणि १५ नंबरची पिन ग्राउंडला जोडायला विसरू नका. मोकळी राहिली तर दिवे मनाला येईल तसे उड्या मारतात. दादरा हवा असेल तर १५ नंबरची पिन ग्राउंडवरून काढून ५ नंबरला जोडा. सहा मात्रा झाल्या की सम येते. रूपकाच्या सात मात्रांसाठी तीच ६ नंबरला.

तीनतालाच्या १६ मात्रांसाठी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडे वळा. तोवर मोजणी कशी चालते हे कळलेलं असतं, म्हणून प्रोग्रॅम परका वाटत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली ओल सर्किटाला फार छळते. सोल्डरिंग झालं की उरलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

देखाव्याकडे त्यानंतर या. मूर्तीचा हात हलवायला भंगारातली गाडीच्या वायपरची मोटार उत्तम: १२ व्होल्टची, ताकदवान, आणि वर्म गिअरमुळे वीज तोडली तरी हात आपल्या वजनाने खाली येत नाही. मखरात मुलं हात घालतात, तेव्हा २३० व्होल्टची वायर आत नेऊच नका. अ‍ॅडॉप्टर बाहेर ठेवा आणि फ्यूज लावा. माणूस समोर आला की देखावा सुरू व्हावा म्हणून पीआयआर सेन्सर लावतात. तो उष्णतेची हालचाल ओळखतो. समईची ज्योत त्याच्या नजरेत आली तर कुणी नसतानाही देखावा चालू होतो, म्हणून सेन्सरची जागा समया ठेवून झाल्यावरच ठरवा.