चेसिस पिळते, घर पिळत नाही : एक्सपिडिशन ट्रक बांधायच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एक्सपिडिशन ट्रक म्हणजे खराब रस्त्यांवरून लांब जाता यावं म्हणून ट्रकच्या पाठीवर बांधलेलं राहतं घर, आणि ते बांधायचं काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे पहिले प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, बॅटरी किती घ्यायची, सोलर किती वॅटचं, किचन मागे की पुढे, शॉवर वेगळा हवा का. हे सगळे प्रश्न लागणारच आहेत पण ते शेवटी. सगळ्यात आधी विचारायचं ते हे की ही गाडी एक चाक दगडावर चढवून तिरकी उभी राहिली तर तिच्या पाठीवरच्या घराचं काय होणार. याचं उत्तर कागदावर नीट आलं की पुढचं बरंचसं त्यातूनच ठरत जातं, आणि ते आलं नसेल तर आतलं फर्निचर कितीही देखणं करा, कुठेतरी जोड उघडणारच. मी या कामात डिझाईनच्या बाजूने आले, मग वर्कशॉपमध्ये रुळले, आणि आता नवीन लोकांना शिकवते तेव्हा चेसिसचा विषय पूर्ण पचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही.

ट्रकची लॅडर फ्रेम म्हणजे दोन लांब स्टीलचे चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर, बस. ही फ्रेम पिळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. खड्ड्यात पाटे (लीफ स्प्रिंग) जेवढे वाकायचे तेवढे वाकतात आणि त्याच्या पलीकडचं काम फ्रेम स्वतः पिळून करते, म्हणून चारही चाकं जमिनीला टेकून राहतात आणि ग्रिप मिळते. याउलट वरचं घर म्हणजे सहा बाजूंनी चिकटवलेली पेटी, ती एकदम ताठ असते. अशी ताठ पेटी पिळणाऱ्या फ्रेमवर सरळ बोल्टने आवळली की आधी कोपऱ्यातलं सील जातं, मग दाराची चौकट तिरकी होऊन दार लागेनासं होतं, मग पॅनेलचा जोड सुटतो, आणि पेटी फारच मजबूत असेल तर फ्रेमलाच बोल्टच्या भोकापाशी क्रॅक जातो. पीळ किती होतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रिकामी चेसिस मिळाली की एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरकस समोरचं मागचं चाक रॅम्पवर चढवा, डिजिटल अँगल मीटर आधी केबिनच्या मागे फ्रेमवर आडवा ठेवा, मग अगदी शेवटच्या क्रॉस मेंबरवर ठेवा, दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचा पीळ. हा आकडा स्वतः मोजलेला माणूस आणि नुसतं वाचलेला माणूस यांच्या ड्रॉइंगमध्ये फरक दिसतो, खरंच दिसतो.

मग फ्रेम आणि पेटी यांच्यामध्ये सबफ्रेम, म्हणजे पेटीखालची वेगळी चौकट येते आणि ती बसवायच्या तीन मुख्य पद्धती आहेत. तीन पॉइंटच्या पद्धतीत एका टोकाला मधोमध एक फिरता सांधा आणि दुसऱ्या टोकाला दोन बाजूंना दोन आधार, फ्रेम कशीही पिळो, पेटीला ते कळतच नाही, पण सगळं वजन तीनच जागी येतं आणि पेटी थोडी उंच बसते. चार पॉइंटची डायमंड पद्धत म्हणजे पुढे मधोमध एक सांधा, मागे मधोमध एक, आणि साधारण मध्यावर डाव्या उजव्या बाजूला एकेक, इथे पेटी बाजूला झुकू न देण्याचं काम मधले दोन आधार करतात. तिसरी स्प्रिंगची पद्धत, सबफ्रेम मागच्या बाजूला पक्की आणि पुढे उभ्या बोल्टवर दाबाच्या स्प्रिंगा, सपाट रस्त्यावर सबफ्रेम फ्रेमवर पूर्ण लांबीला टेकून असते आणि पीळ आला की एक बाजू स्प्रिंग दाबत थोडी वर उचलली जाते. लांब आणि जड पेटीला मला स्वतःला ही तिसरी आवडते, कारण वजन फ्रेमवर सगळीकडे पसरतं आणि उंची वाढत नाही, फक्त पेटी बाजूला सरकू नये म्हणून गाईड प्लेट नीट द्याव्या लागतात. छोट्या व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या मागच्या अॅक्सलमधलं अंतर कमी असलेल्या), खूप पिळणाऱ्या गाडीला तीन किंवा चार पॉइंट बरे.

यालाही अपवाद आहे आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. टाट्रा या चेक कंपनीच्या ट्रकला लॅडर फ्रेमच्या जोरावर चालायचं नसतं, मधून एक जाड नळी जाते, तिच्या आत ड्राइव्ह शाफ्ट असतो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल स्वतंत्र वर खाली झुलतात, हान्स लेडविंकाने ही मांडणी १९२३ च्या टाट्रा ११ या गाडीत आणली होती. ती नळी पिळायला फारशी तयार नसते त्यामुळे तिथे पेटी बरीच सरळ बसवता येते. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकचं याच्या उलट, पोर्टल अॅक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा वर बसवलेला अॅक्सल), कॉइल स्प्रिंग आणि भरपूर पिळणारी फ्रेम, तिथे सांध्याशिवाय पर्याय नाही. म्हणजे एका गाडीवरचं सबफ्रेमचं ड्रॉइंग उचलून दुसऱ्या गाडीवर टाकता येत नाही, हे नवीन लोकांना वारंवार सांगावं लागतं. मोठे ट्रक उत्पादक बॉडी बिल्डरसाठी गाईडलाइन काढतात, त्यात फ्रेमला भोक कुठे पाडायचं, कुठे अजिबात नाही, सबफ्रेम कशी बांधायची हे सगळं असतं. फ्रेमच्या वरच्या खालच्या पट्टीला सहसा भोक पाडायचं नसतं आणि फ्रेमवर वेल्डिंग तर नाहीच, आपल्या मॉडेलची गाईडलाइन आणा आणि पाठ असल्यासारखी वाचा.

आता वजन. चेसिसनंतर माझ्या मते सगळ्यात मोठं कौशल्य हेच. पहिल्या दिवशी एक स्प्रेडशीट उघडा, प्रत्येक वस्तूची एक ओळ, तिचं वजन, पुढच्या अॅक्सलपासून अंतर, जमिनीपासून उंची आणि डावी की उजवी बाजू. व्हीलबेस ४ मीटर आहे आणि ३०० लिटरची पाण्याची टाकी पुढच्या अॅक्सलपासून ३ मीटरवर आहे असं धरा, तर त्या ३०० किलोंपैकी २२५ मागच्या अॅक्सलवर आणि ७५ पुढच्यावर. हे सोपं वाटतं. पण स्टेपनी आणि तिचा हॉइस्ट मिळून २०० किलो मागच्या अॅक्सलच्या दीड मीटर मागे लटकवले तर मागच्या अॅक्सलवर २७५ किलो येतात आणि पुढचा अॅक्सल ७५ किलोने हलका होतो. २०० ठेवले आणि २७५ आले. मोठ्या सिंगल टायरचं, म्हणजे १४.०० आर २० सारख्या साइझचं रिमसकट एक चाक दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा हा हिशोब पुस्तकी नाहीये. मागे लटकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला असाच भुर्दंड बसतो, शिवाय डिपार्चर अँगल, म्हणजे चढ उतरताना मागचा भाग न घासता जाण्याचा कोन, कमी होतो तो वेगळाच.

उंचीचा कॉलम लोक सोडून देतात, तो सोडू नका. दोन्ही चाकांमधलं अंतर २ मीटर आणि गाडीचं गुरुत्वमध्य १.४ मीटर उंचीवर असेल तर कागदावर ती साधारण ३५ अंशांना कलंडते, तेच १.७ मीटरवर गेलं तर ३० अंश. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात म्हणून गाडी त्याच्या बरीच आधी जाते. छतावर मोटारसायकल, टायर, डिझेलचे कॅन चढवायची हौस या दोन आकड्यांकडे बघून कमी करावी. पाणी, बॅटरी, डिझेल खाली आणि दोन अॅक्सलच्या मध्ये, कपडे आणि चादरी वर. प्लायवूड निवडताना सुद्धा हेच, १५ मिमीचा बर्च चौरस मीटरला साधारण १० किलो तर पॉप्लर सुमारे ७, फर्निचरचा सगळा प्लाय मोजला की हा फरक एका माणसाच्या वजनाएवढा होऊ शकतो.

गाडी कुठली घ्यायची हे वजनाच्या या टेबलातूनच निघतं, फोटो बघून नाही. युरोपात बी लायसन्सवर ३.५ टन आणि सी१ वर ७.५ टनापर्यंत चालवता येतं म्हणून तिथली कितीतरी डिझाईन या दोन आकड्यांभोवती फिरतात, तुमच्या मालकाला कुठे चालवायचीय आणि त्याच्याकडे कुठलं लायसन्स आहे हे आधी विचारा. नवीन इंजिन स्वच्छ आणि ताकदवान, पण युरो ६ या प्रदूषण नियमाच्या इंजिनला अगदी कमी सल्फरचं डिझेल आणि अॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागतं, अॅडब्लू उणे ११ अंशांना गोठतं. जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन कुठल्याही गॅरेजमध्ये उघडता येतं पण आवाज, धूर आणि स्पेअर पार्टची शोधाशोध आलीच. मागच्या जोडटायरांऐवजी सिंगल टायर का लावतात तेही समजून घ्या, जोडटायरांच्या मध्ये दगड अडकतो, आणि वाळूत पुढच्या चाकाने केलेल्या वाटेवरूनच मागचं चाक गेलं तर गाडीला जोर कमी लागतो.

पेटीसाठी सँडविच पॅनेल, दोन्हीकडे फायबरची दीड दोन मिमीची स्किन आणि मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) नाहीतर एक्सपीएस (पॉलिस्टायरीन) फोम. ६० मिमीच्या पीयू पॅनेलचं वजन चौरस मीटरला ९ ते १० किलो पडतं. साडेचार मीटर लांब, २.३ रुंद आणि २.२ उंच पेटीचं सगळं क्षेत्रफळ ५० चौरस मीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे नुसतं खोकंच साधारण पाचशे किलो. उष्णतेचा हिशोबही इथेच करून टाका, बाहेर उणे २० आणि आत २० असेल तर अशा भिंतींतून ८५० वॅटच्या आसपास उष्णता जाते. यात खिडक्या, दार आणि हवा खेळती ठेवण्याचं नुकसान मिळवा, तरी ४ किलोवॅटचा डिझेल हीटर व्यवस्थित पुरतो. पण हा हिशोब एका अॅल्युमिनियमच्या पट्टीने बिघडतो. फोमची उष्णतावाहकता ०.०२५ च्या घरात आणि अॅल्युमिनियमची २०० च्या घरात, त्यामुळे आतून बाहेर आरपार जाणारा प्रत्येक धातूचा अँगल, प्रत्येक बोल्ट थंडीत ओला होतो. झोपलेली दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या वर पाणी श्वासातून आणि घामातून हवेत सोडतात, एक किलो प्रोपेन जाळला की दीड किलोच्या वर वाफ तयार होते, ते सगळं पाणी त्याच थंड जागेवर जाऊन बसतं आणि आठवड्याभरात गादीखाली बुरशी.

चिकटवण्याचं काम मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं. पॉलियुरेथेन अॅडेसिव्ह हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पक्कं होत जातं, म्हणून घाई चालत नाही. पृष्ठभाग घासणं, क्लीनर, प्रायमर, प्रत्येकाची ठरलेली वेळ, आणि जोडात २ ते ३ मिमी जाडी राहील असे स्पेसर, कारण फार पातळ थर ताण सहन करत नाही. क्लॅम्प फार आवळला की सगळं अॅडेसिव्ह बाहेर येतं. टाकाऊ तुकड्यांवर जोड करून, पूर्ण सुकवून, ओढून फाडून बघा. अॅडेसिव्ह स्वतः फाटलं तर जोड चांगला, स्किनवरून सुटून आलं तर तयारी कच्ची होती. कुणाच्याही हाताखाली काम करत असाल तरी ही टेस्ट स्वतःहून करत राहा.

विजेचं मी थोडक्यात सांगते कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. मोठ्या ट्रकमध्ये मुळात २४ व्होल्ट असतात, घरालाही तेच ठेवा, २००० वॅटच्या शेगडीला १२ व्होल्टवर जवळपास १७० अँपिअर लागतात आणि २४ वर त्याच्या निम्मे, केबल आणि फ्यूज दोन्ही आटोक्यात राहतात. २८० अँपिअर-अवरचे आठ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल म्हणजे सुमारे ७ किलोवॅट-अवर, पण शून्याखाली ते चार्ज करायचे नसतात म्हणून बॅटरी आतल्या उबदार भागातच. पाण्याच्या टाकीचंही तसंच, आत ठेवा, शिवाय टाकीत पाणी अडवणारे पडदे द्या नाहीतर वळणावर अर्ध्या टाकीतलं पाणी गाडीला ढकलतं.

आता शिकायचं कुठे. थेट एक्सपिडिशन ट्रक बांधणाऱ्याकडे जागा मिळाली तर उत्तमच पण अशी वर्कशॉप मोजकी असतात. माझा सल्ला असा की रेफ्रिजरेटेड ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे काम मागा, पॅनेल तेच, अॅडेसिव्ह तेच, थर्मल ब्रिजची, म्हणजे थंडी आत आणणाऱ्या आरपार धातूची चिंता तीच, आणि महिन्यागणिक इतक्या पेट्या बाहेर पडतात की हात लवकर बसतो. फायर ब्रिगेडच्या गाड्या बांधणारे दुसरे, तिथे पाण्याची टाकी आणि पिळणारी चेसिस यांचा संसार कसा लावतात ते बघायला मिळतं. इंजिनिअरिंगची डिग्री असेल तर स्टॅटिक्स परत एकदा काढा, नसेल तर मोमेंटचा, म्हणजे वजन गुणिले अंतराचा तो एक हिशोब आणि काटकोन त्रिकोण एवढ्यावर सुरुवात होते, खरंच होते. फ्रीकॅडसारखं फुकट सॉफ्टवेअर शिका. आणि काम मागायला जाताना चकचकीत रेंडर नेण्यापेक्षा वजनाचं भरलेलं टेबल, सबफ्रेमचं ड्रॉइंग आणि फाडून बघितलेल्या जोडांचे फोटो न्या, मी माणूस घेताना हेच बघते.

आतली मांडणी ठरवण्याआधी पुठ्ठा आणि पट्ट्यांचं खऱ्या मापाचं मॉडेल उभं करा आणि मालकाला त्यात वावरू द्या, दोघं एकाच वेळी उठली तर काय, ओले बूट कुठे काढायचे, रात्री अंधारात टॉयलेटपर्यंत जाता येतं का. स्क्रीनवर ६० सेंटीमीटरची वाट पुरेशी दिसते, जाड जॅकेट घालून त्यातून जाताना ती तशी वाटत नाही.

गाडी तयार झाली की काम संपत नाही. आधी वजनकाट्यावर, टाक्या रिकाम्या आणि मग भरलेल्या, प्रत्येक अॅक्सल वेगळा आणि जमलं तर प्रत्येक चाक वेगळं. मग सबफ्रेमच्या प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करची रेघ ओढा आणि काहीशे किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून आणा, रेघ सरकली असेल तो बोल्ट हललाय, तिथे नुसता परत आवळू नका, का हलला ते बघा. धुळीच्या रस्त्यावर नेऊन मग आत पांढऱ्या कपड्याने पुसा म्हणजे हवा कुठून शिरते ते दिसेल. परत रॅम्पवर चढवून सगळी दारं, हॅच उघडून लावून बघा. काट्यावरचे आकडे टेबलच्या शेवटच्या कॉलममध्ये भरा, आणि तुमच्या हिशोबापेक्षा १०० किलोच्या वर फरक आला तर तो कुठून आला हे सापडेपर्यंत गाडी मालकाच्या हातात देऊ नका.