मेल सर्व्हर हाती आला की आधी पोस्टकॉन्फ शिका

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या नोकरीत नवीन आलेल्या माणसाकडे मेल सर्व्हर बहुधा वारशानेच येतो. उभा करणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, लिहून ठेवलेलं काही नसतं, आणि ‘चालतोय ना, मग हात लावू नकोस’ एवढीच सूचना मिळते. हात लावायची वेळ मात्र येतेच. कुणाची मेल जात नाही, कुणाला मोठी फाईल पाठवायची असते, कधी ऑफिसचा आयपी बदलतो. त्या दिवशी गडबड होऊ नये म्हणून काय शिकून ठेवावं, ते लिहिते आहे. उदाहरण पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामचं घेते, कारण माझी बरीचशी नोकरी त्याच्यावर गेली आहे. व्हिएत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलेला हा सर्व्हर 1998 मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि आजही लिनक्सवर सर्रास भेटतो. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

बहुतेक नवे लोक थेट मेन डॉट सीएफ ही पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाईल एडिटरमध्ये उघडतात. मी माझ्या टीममधल्या मुलांना आधी पोस्टकॉन्फ, म्हणजे सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी कमांड, चालवायला लावते. फाईलमध्ये फक्त कुणीतरी मुद्दाम लिहिलेल्या सेटिंग दिसतात. सर्व्हर प्रत्यक्षात शेकडो सेटिंगवर चालतो आणि त्यातल्या बहुतेक कुणी कधी लिहिलेल्याच नसतात. नुसतं पोस्टकॉन्फ म्हटलं की सगळ्या सेटिंग त्यांच्या आत्ताच्या किमतीसह समोर येतात. डॅश एन लावलं तर फक्त मेन डॉट सीएफमध्ये लिहिलेल्या, डॅश डी लावलं तर मूळ डिफॉल्ट. एखादीच हवी असेल तर तिचं नाव पुढे द्यायचं.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते मायनेटवर्क्सवरून कळतं. कोणत्या पत्त्यांवरून आलेली मेल पुढे पाठवायची, ते ही सेटिंग ठरवते. ती लिहिलेली नसेल तर सर्व्हर स्वतःच ठरवतो: 3.0 च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये अख्खा सबनेट, म्हणजे त्याच नेटवर्कच्या तुकड्यातली सगळी मशीन, विश्वासातला धरला जायचा, नंतर फक्त ते एकच मशीन. जुनी कॉन्फिगरेशन तशीच नव्या आवृत्तीवर आणली आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीचे डिफॉल्ट धरायचे ते सांगणारी सेटिंग) वाढवली नाही, तर जुनीच वागणूक चालू राहते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर याचा अर्थ शेजारच्या अनोळखी मशीनलाही तुमच्या नावाने मेल पाठवता येणं. मेन डॉट सीएफ कितीही वेळा वाचली तरी हे दिसणार नाही. ‘पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स’ विचारलं की एका ओळीत दिसतं.

डॅश एनचा आणखी एक उपयोग आहे. सेटिंगच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर पोस्टफिक्स तक्रार करत नाही, ती ओळ निमूट बाजूला ठेवतो. पोस्टकॉन्फ मात्र ‘अनयूज्ड पॅरामीटर’ अशी वॉर्निंग देतो. तीच सेटिंग फाईलमध्ये दोनदा आली असेल तर खालची लागू होते, आणि तेही तो सांगतो. या वॉर्निंग वर निघून जातात म्हणून सोडून देऊ नका. वारशाने आलेल्या सर्व्हरवर त्यातूनच पुष्कळ इतिहास कळतो.

आता बदलाकडे. डॅश ई लावून ‘नाव = किंमत’ दिलं की फाईल बदलते; 2.8 पासून डॅश ई नाही दिलं तरी चालतं. पण ते सगळं सिंगल कोटमध्ये टाका, हे मी पुन्हापुन्हा सांगते. पोस्टफिक्समध्ये एका सेटिंगची किंमत दुसरीत डॉलर चिन्हाने घेतात, उदाहरणार्थ मायडेस्टिनेशनमध्ये (कोणत्या नावांची मेल इथेच ठेवायची ते) डॉलर मायहोस्टनेम (सर्व्हरचं स्वतःचं नाव). डबल कोट वापरले तर तो डॉलर शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्राम) गिळतं, त्या जागी रिकामं उरतं, आणि स्वतःच्याच नावाची मेल सर्व्हर ओळखेनासा होतो. बदल केल्यावर तीच सेटिंग लगेच पुन्हा विचारून बघा.

फाईल हातानेच बदलायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ओळीच्या सुरुवातीला स्पेस असेल तर ती ओळ वरच्या ओळीचाच भाग धरली जाते. आणि किमतीपुढे त्याच ओळीवर हॅश टाकून शेरा लिहिला, तर तो शेराही किमतीत जातो.

सगळ्यात जास्त शिकवणारी सेटिंग म्हणाल तर मेसेज_साइझ_लिमिट, म्हणजे एका मेलच्या आकाराची मर्यादा. डिफॉल्ट 10240000 बाइट. ‘आठ एमबीची फाईल का जात नाही, मर्यादा दहाची आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात येतो. जोडलेली फाईल मेलमध्ये बेस64 रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जाते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगते. आठची जवळजवळ अकरा होते. मग कुणीतरी मर्यादा 50 एमबी करा म्हणतं, आणि नवा माणूस 52428800 लिहून मोकळा होतो. मेलबॉक्स_साइझ_लिमिटची डिफॉल्ट किंमत आहे 51200000. मेलबॉक्सची मर्यादा एका मेलच्या मर्यादेपेक्षा लहान झाली की लोकल डिलिव्हरी करणारा प्रोग्राम फेटल एरर देऊन थांबतो आणि मेल रांगेत अडकून राहते. डेबियन आपल्या तयार फाईलमध्ये मेलबॉक्सची मर्यादा 0, म्हणजे अमर्याद, ठेवतो, म्हणून तिथे हे घडत नाही. दुसऱ्या सिस्टिमवर घडतं. त्यामुळे एक आकडा बदलण्याआधी त्याच्याशी बांधलेले आकडे विचारून घ्यावेत.

बदलल्यावर ‘पोस्टफिक्स चेक’ आणि मग ‘पोस्टफिक्स रीलोड’. बहुतेक बदलांना एवढं पुरतं. इनेट_इंटरफेसेस बदलली असेल तर मात्र सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा चालू करावा लागतो. आणि सगळं नीट करूनही पोर्ट 587 वर (यूझर आपली मेल सर्व्हरला जिथे देतात तिथे) काहीच फरक पडला नाही, तर मास्टर डॉट सीएफ या दुसऱ्या फाईलकडे वळा. तिथे एकेका सर्व्हिसला वेगळी किंमत देता येते आणि ती मेन डॉट सीएफवर मात करते. 2.11 पासून डॅश कॅपिटल पी ने त्या सगळ्या किमती दिसतात. ही एक गोष्ट माहीत नसल्याने लोक तासन्‌तास चुकीच्या फाईलशी झगडतात.

मराठी माणसाला जवळची वाटेल अशी एक सेटिंग सांगते: एसएमटीपीयूटीएफ8_एनेबल. देवनागरीत लिहिलेल्या ईमेल पत्त्यांसाठीचा आधार पोस्टफिक्समध्ये 3.0 पासून आला. तुमच्या सर्व्हरवर ती ‘येस’ आहे का ते बघा. समोरच्या सर्व्हरला तो आधार नसेल तर मेल परत येते, पण आपल्या बाजूने तरी दार उघडं असावं असं मला मनापासून वाटतं.

सराव घरच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. बाहेर मेल पाठवायची गरज नाही, आणि पुष्कळ क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) बंदच ठेवतात. पोस्टफिक्स टाकल्याबरोबर डॅश एनचं आउटपुट एका फाईलमध्ये साठवा, प्रत्येक बदलानंतर नव्याने काढून डिफने ताडून पहा. दोन लोकल यूझर बनवून एकमेकांना मेल पाठवा, दुसऱ्या खिडकीत मेलचा लॉग टेल डॅश एफने चालू ठेवा. साइझची मर्यादा मुद्दाम कमी करून मोठी फाईल पाठवा आणि नकाराची ओळ वाचा. नंतर रीलेहोस्टला (बाहेरची मेल ज्या सर्व्हरमार्फत पाठवायची त्याची सेटिंग) अस्तित्वात नसलेलं नाव द्या, बाहेरच्या पत्त्यावर एक मेल पाठवा, लॉगमध्ये काय कारण येतं ते बघा आणि ‘पोस्टक्यू डॅश पी’ चालवून रांगेत काय उरलं तेही पहा. मुलाखतीला येणाऱ्यांना मी नेमकं हेच करायला सांगते.