आतून शेक घ्यायचाय? त्या दिवशी काय काय होतं
गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) झाले की बहुतेक वेळा आतूनही देतात, तीच ब्रेकीथेरपी. उपाशीपोटी जायचं, कमरेत इंजेक्शन किंवा गुंगी देऊन आत नळ्या बसवतात, मग स्कॅन, शेक किती आणि कुठे द्यायचा याचं प्लॅनिंग, आणि हे थांबणंच खरं जड जातं कारण हलायचं नसतं, पाठ अवघडते, तर प्लीज सोसत बसू नका, सिस्टरकडे पेनकिलर मागा. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचाच. खोलीत एकट्याच असता पण कॅमेऱ्यातून लक्ष असतं. इरिडियम-१९२ या किरणं सोडणाऱ्या धातूचा तांदळाच्या दाण्याहून छोटा तुकडा नळीतून आत जातो आणि परत मशीनमध्ये येतो, अंगात काही राहत नाही, त्यामुळे घरी नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या. नंतर लघवीला जळजळ होऊ शकते, ताप आला किंवा जास्त रक्त गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा.