प्रकाशसंश्लेषणाचं अ‍ॅनिमेशन दाखवताय? या चुका टाळा

ठाण्यात मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. पहिल्यांदा प्रकाशसंश्लेषणाचं अ‍ॅनिमेशन लावलं तेव्हा वर्ग खूश, मीही खूश. चाचणीत एकाने लिहिलं, ‘पान कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन ठेवून घेतं आणि ऑक्सिजन सोडून देतं.’ त्याने तेच तर पाहिलं होतं! काळा-लाल रेणू पानात शिरला, काळा गोळा आत राहिला, लाल जोडी उडून गेली.

बाहेर पडणारा ऑक्सिजन असतो पाण्याचा. १९४१ साली रूबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा, वेगळा ओळखता येणारा प्रकार) असलेलं पाणी शेवाळाला देऊन हे दाखवलं. त्यामुळे अ‍ॅनिमेशन सलग लावू नका. लाल जोडी उडण्याआधी थांबवा, ‘हा ऑक्सिजन आला कुठून?’ असं विचारा आणि उत्तरं फळ्यावर लिहून मगच पुढे जा. पडद्यावर चुकीचं दाखवलं असेल, तर ती चूक मुलांनाच पकडू द्या. त्यात ती पटाईत असतात.

दुसरी गडबड सूर्य-चंद्राची. ‘अंधार अभिक्रिया’ म्हणताच काही अ‍ॅनिमेशनांत चांदणं पडतं आणि साखर रात्री बनते असं पोरांच्या डोक्यात बसतं. साखर बनण्याच्या या टप्प्याला थेट प्रकाश लागत नाही एवढाच त्या नावाचा अर्थ. बहुतेक झाडांत तो दिवसाच चालतो, कारण त्याला लागणारी ऊर्जा प्रकाशातल्या टप्प्यातून येते. झाड श्वसन मात्र दिवसरात्र करतं, हे तिथल्या तिथे सांगून टाका.

आता यंत्राच्या कटकटी. जुन्या सीडीवरचं अ‍ॅनिमेशन उघडलं की नुसता पांढरा चौकोन? संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी ती फाइल फ्लॅशची, म्हणजे अशी चलचित्रं बनवण्याच्या जुन्या तंत्राची, आहे का ते पाहा. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फाइल चालणंही अडवलं. रफल नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये अशा बऱ्याच फाइल चालतात. एकदा घरी चालवून बघा. मराठीऐवजी चौकोन किंवा अगम्य अक्षरं दिसली, तर बहुधा त्या सीडीचा फॉन्ट संगणकात नसतो. नेटच्या भरवशावर तर राहूच नका, फाइल आदल्या दिवशी उतरवून ठेवा. आणि सॉफ्टवेअर ‘क्लोरोप्लास्ट’ म्हणतं, पुस्तक ‘हरितलवक’. दोन्ही शब्द फळ्यावर हवेत, नाहीतर मुलं त्या दोन वेगळ्या वस्तू समजतात.

सगळ्यात मोठी चूक माझीच होती: अ‍ॅनिमेशन झालं की धडा झाला असं समजायचे. आता माशांच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या आणते. काचेच्या बरणीत पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा, काडीचं कापलेलं टोक वर, शेजारी दिवा. टोकातून बुडबुडे येऊ लागले की मिनिटाला किती ते मोजायचं, मग दिवा वीतभर मागे घेऊन पुन्हा मोजायचं. आपल्याकडे जुलैत आभाळ दिवसचे दिवस भरलेलं असतं, खिडकीतल्या उजेडावर हा प्रयोग रखडतो, म्हणून दिवा हवाच. जुना पिवळा बल्ब मात्र नको, त्याने पाणी तापतं आणि बुडबुडे उजेडाने वाढले की उष्णतेने, ते कळत नाही. एलईडी घ्या.