मनाच्या आजारांचे शब्द आणि लक्षणं कशी समजून घ्यावीत

आमची काकू आठ महिने डोकं जड असल्याचं सांगत होती. बीपी पाहिलं, साखर पाहिली, चष्म्याचा नंबर तपासला, सगळं ठीक. एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "हल्ली काही गोडच लागत नाही गं. पहाटे तीनला जाग येते, मग नुसती पडून राहते." ही वाक्यं डॉक्टरांपर्यंत गेलीच नव्हती. नैराश्य हा शब्द तिच्या तोंडी नव्हता, पण लक्षणं ती रोज सांगत होती.

म्हणून आजाराच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी एका वहीत त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवा: "कशात मन लागत नाही", "छातीत धडधडतं", "अंगातलं त्राणच गेलंय". शेजारी लिहा, हे किती दिवसांपासून आहे, रोज की अधूनमधून, आणि त्यामुळे कुठलं काम अडलंय. झोप आणि भूक यांची नोंद वेगळी ठेवा.

मग शब्दांकडे वळा. परीक्षेत नापास झाल्यावर चार दिवस मन खट्टू होणं म्हणजे नैराश्य नव्हे. मन उदास असणं किंवा आवडत्या गोष्टींतला रस जाणं, यातलं एक तरी किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं आणि सोबत झोप, भूक, थकवा, अपराधीपणा अशा तक्रारी असल्या, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. काही जणांत, विशेषतः पुरुषांत, उदासीऐवजी चिडचिडच पुढे दिसते.

चिंताविकारात कारण मिटलं तरी काळजी मिटत नाही, ती दुसरा विषय शोधते. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो: घाम, धडधड, श्वास कोंडणं, आता मरणारच असं वाटणं. पहिल्यांदा असं झालं तर घरीच निदान करू नका, आधी हृदय तपासून घ्या.

ओसीडी म्हणजे नको असलेला विचार आणि तीच ती कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार. त्याला आपल्याकडे मंत्रचळ हा जुना शब्द आहे. टापटीप माणसाला सरसकट ओसीडी म्हणतात, ते मला फार खटकतं. टापटीप करणाऱ्याला त्यातून समाधान मिळतं. मंत्रचळ असलेला माणूस गॅसचं बटण बंद पाहतो, बोटांनी चाचपतो, कुलूप लावून जिना उतरतो आणि पुन्हा वर येतो. पुन्हा चाचपतो. हे निरर्थक आहे हे बहुतेकदा त्याला कळत असतं, पण न केलं तर जीव घाबरा होतो. यात रोजचा तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. बायकांच्या बाबतीत तर "तिचं सोवळं फार" म्हणून हे वर्षानुवर्षं झाकलं जातं.

कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. शेजारी जेवणात विष कालवतात, असा कुठल्याही पुराव्याने न हलणारा समज म्हणजे भ्रम. स्किझोफ्रेनियात दोन्ही असू शकतात. एका देहात दोन व्यक्ती, असा त्याचा अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसाला अचानक भास होऊ लागले तर संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. भ्रम असलेल्या माणसाशी वाद घालू नका. "तुला भीती वाटतेय ना?" एवढं विचारा.

बायपोलर म्हणजे सकाळी हसणं आणि संध्याकाळी रुसणं नव्हे. या आजारात कधी नैराश्याचा, तर कधी उन्मादाचा, म्हणजे अति उत्साहाचा, काळ येतो. त्यातला उन्माद साधारण आठवडाभर किंवा अधिक टिकतो: तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा हातात ठरत नाही.

मरणाचे विचार येत असल्याची शंका आली तर सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112 लावा.

औषधं मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, ते डॉक्टर असतात. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नसतात.

जाताना वही न्या. काकूच्या वहीचं पहिलं पान डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि तिला विचारलं, "पहाटे जाग आल्यावर मनात काय येतं?"